कबुली, निवेदन आणि परतफेड : मराठी ख्रिस्ती साहित्याच्या संदर्भात पापस्वीकाराचे मूल्य

प्रास्ताविक

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागड हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, इ.स. १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग कैदखाना म्हणून होऊ लागला. गडावरील विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी कैद्यांना प्यावयास लावीत व त्यातच त्यांचा अंत होई, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. त्या कैद्यांचे अपराध कोणते होते, ते त्यांनी कबूल केले होते काय आणि त्यांनी ज्यांचे नुकसान केले त्या माणसांच्या पदरात काय पडले, याविषयी ही हकीकत पूर्ण मौन पाळते. विहीर आणि मृत्यू एवढेच लोकस्मृतीत उरले आहे.

दंडसत्तेच्या दृष्टीने कबुली हे एक साधन असते. ते साधन किती सहज भ्रष्ट होते हे कायद्यानेही ओळखले आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने धमकी, प्रलोभन किंवा वचन देऊन मिळविलेली कबुली गैरलागू ठरविली आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. सक्तीने वदविलेला शब्द हा बोलणाऱ्याचा शब्द नसतो, हे त्यामागील गृहीत आहे. ख्रिस्ती जीवनातील पापस्वीकार या कबुलीहून स्वभावतः वेगळा मानला जातो, कारण तो स्वेच्छेचा असतो, तो देवापुढे असतो आणि त्याचा शेवट शिक्षेत न होता क्षमेत होतो. हा भेद बरोबर आहे. परंतु त्यावर थांबले तर एक प्रश्न सुटून जातो. पाप करणारा, देव आणि त्यांच्यामध्ये असलाच तर धर्मगुरू, एवढ्या तिघांत हा व्यवहार पूर्ण होतो काय? ज्याच्यावर अन्याय झाला तो चौथा माणूस या व्यवहारात कोठे उभा असतो?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्यातील काही कृतींच्या आधारे तपासला आहे. पापस्वीकाराचे मूल्य अश्रूंच्या प्रमाणावर किंवा शब्दांच्या दीनतेवर ठरत नाही, तर त्या निवेदनात तो चौथा माणूस येतो की नाही यावर ठरते, अशी या लेखाची धारणा आहे. मराठीपुरते बोलायचे तर या कसोटीला सर्वांत अधिक उतरणारा ग्रंथ प्रवचनसंग्रह नाही, धर्मबोधाचा ग्रंथ नाही; तो लक्ष्मीबाई टिळकांचा 'स्मृतिचित्रे' हा आहे.

या भूमीतील पूर्वपरंपरा

पापस्वीकार ही बाहेरून आलेली, येथील मनाला अपरिचित अशी गोष्ट आहे हा समज मात्र आधी दूर केला पाहिजे. आंबागड ज्या जिल्ह्यात आहे त्याच भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. जेथे भिक्षुसंघ तेथे उपोसथ, हा विनयाचा नियम. दर पंधरवड्याला प्रातिमोक्षाचे पठण होण्यापूर्वी भिक्षूने आपला दोष सांगितलेला असला पाहिजे, अशी अपेक्षा असे. वर्षावासाच्या अखेरीच्या प्रवारणेत तर याच्याही पुढचे पाऊल आहे. तेथे भिक्षू आपला दोष केवळ सांगत नाही. माझ्यात दोष पाहिला असेल तर सांगा, अशी तो इतरांना विनंती करतो. जैनांच्या प्रतिक्रमणात आणि क्षमापनेत ज्याला दुखावले त्यालाच उद्देशून क्षमा मागितली जाते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापमुक्तीच्या उपायांत पाप उघडपणे सांगण्याला आणि अनुतापाला स्थान आहे. अर्थात त्याच ग्रंथात प्रायश्चित्ताचे मोजमाप वर्णानुसार बदलते, हे विसरून त्याचा गौरव करण्याचे कारण नाही.

भक्तिपरंपरेने यात एक मोठा बदल केला. संतांनी प्रायश्चित्ताचे शास्त्र बाजूला सारून पतित आणि पतितपावन हे थेट नाते प्रस्थापित केले. मध्यस्थ गेला, खर्च गेला, विधी गेला. हे मराठी मनाचे फार मोठे धन आहे आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगरचनेला जी सहजता लाभली ती याच धनातून. परंतु या भाषेला एक धोकाही आहे. स्वतःला पतित म्हणवून घेणे जसजसे काव्याचा संकेत बनत जाते तसतसे ते निरुपद्रवी होत जाते. 'मी सर्व पाप्यांत मोठा पापी' असे म्हणणाऱ्याला 'शेजाऱ्याच्या बांधावरची हातभर जमीन नांगरून घेतली ती तूच ना?' असे विचारले की तो रागावतो. कोणत्याही गावात हा अनुभव येईल. सर्वसाधारण पाप कबूल करणे सोपे असते, एक विशिष्ट पाप कबूल करणे अवघड.

चर्चमधील व्यवस्था

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गंभीर पापांचे प्रायश्चित्त सर्वांसमक्ष होत असे. खाजगीरीत्या धर्मगुरूच्या कानी पाप सांगण्याची पद्धत पुढे सहाव्या-सातव्या शतकांपासून आयर्लंडमधील मठवासीयांच्या प्रभावाने रुजत गेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम घातला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्ताप, निवेदन आणि परिमार्जन ही पापी माणसाची तीन कृत्ये, तसेच धर्मगुरूने उच्चारावयाचे पापमोचन, अशी या संस्काराची मांडणी निश्चित केली. सुधारणावादी पंथांनी धर्मगुरूच्या मध्यस्थीवर आक्षेप घेतला आणि निवेदन थेट देवाकडे वळविले. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्याचा उपदेश आहे, त्याकडे मात्र दोन्ही पक्षांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. एका पक्षाने तो उपदेश धर्मगुरूपुरता संकुचित केला, दुसऱ्याने बव्हंशी सोडून दिला.

मराठी-कोकणी मुलखात हा संस्कार सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला आणि पोर्तुगीज शब्दावरून 'कुमसार' हे त्याचे बोलीतील नाव रूढ झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचा कोकणी प्रश्नोत्तररूप धर्मबोध त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये छापला गेला. लोकांच्या भाषेत, लोकांच्या छंदात ख्रिस्ती विचार सांगण्याचा हा प्रयत्न आजही थक्क करतो. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून, मध्ये काही वर्षांचा खंड वगळता, १८१२ पर्यंत धर्मन्यायालय चालू होते. डेलॉन या फ्रेंच वैद्याने तेथील कारावासाचा वृत्तान्त १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. कैद्याला त्याच्यावरील आरोप न सांगता, त्याने आपण होऊनच सारे कबूल करावे असा आग्रह तेथे कसा धरला जाई, हे त्यात वर्णिले आहे. एकीकडे कुमसाराच्या आसनापाशी गुप्ततेचे संरक्षण, दुसरीकडे कोठडीत कबुलीची सक्ती! एकाच धर्मसत्तेच्या छायेखाली या दोन गोष्टी अडीच शतके नांदल्या. आंबागडची विहीर फक्त गडावरच असते असे नाही.

गुप्ततेचा प्रश्न आजही तितकाच नाजूक आहे. कॅनन कायद्याच्या ९८३ व्या कलमानुसार पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. धर्मगुरूने ती कोणत्याही कारणाने मोडता कामा नये. या गुप्ततेमुळेच माणूस बोलू शकतो, हे खरे. परंतु २०१८ मध्ये केरळात पापनिवेदनातून कळलेल्या गोष्टींचा वापर करून एका स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप धर्मगुरूंवर झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली, तेव्हा चर्चेच्या दोन्ही बाजूंनी घाई झाली. प्रथा बंद करा म्हणणाऱ्यांनी लक्षावधी श्रद्धावानांना तिच्यातून मिळणारा दिलासा विचारात घेतला नाही. आणि प्रथेचे समर्थन करणाऱ्या अनेकांनी धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा मांडताना त्या स्त्रीचा उल्लेखही केला नाही. चौथा माणूस पुन्हा बाहेरच राहिला.

उरीया आणि जक्कय

हे बाहेर राहणे बायबलमधील पापस्वीकाराच्या सर्वांत प्रसिद्ध स्तोत्रापासूनच सुरू होते, असे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण ५१ वे स्तोत्र काळजीपूर्वक वाचावे. त्याच्या शीर्षकात दावीद आणि बथशेबा यांच्या प्रसंगाचा निर्देश आहे. दावीदाने उरीयाच्या पत्नीला आपल्याकडे आणविले आणि पुढे उरीयाला लढाईत पुढे घालून मारविले. या पार्श्वभूमीवरच्या स्तोत्रात निवेदक असे म्हणतो की त्याने केवळ देवाविरुद्ध पाप केले आहे. उरीयाचे नाव स्तोत्राच्या मजकुरात नाही. धर्मशास्त्रीय दृष्टीने याचे समर्थन करता येते: प्रत्येक पाप अखेर देवाविरुद्धच असते. हे समर्थन मान्य करूनही उरीया मेला आहे ही वस्तुस्थिती शिल्लक राहते. नाथान संदेष्ट्याची थोरवी येथे लक्षात येते. त्याने दावीदाला पापाची व्याख्या ऐकविली नाही. गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि चौपट भरपाईचा न्याय त्याच्याच तोंडून बाहेर पडला. कोकरीचा मालक कल्पनेत का होईना समोर आला, तेव्हाच राजाला आपले पाप दिसले.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय मात्र दुसऱ्या टोकाला आहे. तो जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो आपल्या पापीपणावर एक शब्दही बोलत नाही. तो हिशेब बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाला फसवून काही घेतले असेल तर त्याला चौपट परत. या निवेदनात दीनता नाही, अलंकार नाहीत, अश्रू असल्याचे लूकने सांगितलेले नाही. तरीही त्या घराला तारण प्राप्त झाल्याची घोषणा तेथेच होते. पर्वतावरील प्रवचनातही हाच क्रम आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, नंतर परत यावे. देव थांबू शकतो, भाऊ आधी.

पाश्चात्त्य आत्मचरित्राचे आदिरूप मानला जाणारा संत ऑगस्टिनचा ग्रंथ याच कसोटीवर एका विलक्षण रीतीने उणा पडतो. पोरवयात नासपतीची फळे चोरल्याच्या प्रसंगावर त्याने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत आणि पापाच्या मानसशास्त्राचे असे विश्लेषण पूर्वी कोणी केले नसेल. परंतु जी स्त्री अनेक वर्षे त्याची सहचरी होती, जी त्याच्या मुलाची आई होती आणि जिला त्याच्या प्रतिष्ठित विवाहाच्या बेतासाठी आफ्रिकेत परत पाठविण्यात आले, तिचे नाव त्या ग्रंथात कोठेही नाही. वियोगात त्याचे हृदय कसे रक्तबंबाळ झाले ते तो सांगतो. तिच्या हृदयाचे काय झाले हे जगाला कळण्याचा मार्गच उरलेला नाही. तिने ग्रंथ लिहिला असता तर ख्रिस्ती साहित्याचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. मराठीत नेमके तेच घडले.

धर्मांतरकथेतील पाप

त्याकडे वळण्यापूर्वी एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरकथांचा थोडक्यात विचार आवश्यक आहे. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला, 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आले आणि त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ मध्ये. 'अरुणोदया'तील मनाची ओढाताण खरी आहे आणि त्याच्या गद्याचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. तथापि या प्रकारच्या लेखनात पापाची जागा पुष्कळदा पूर्वधर्माने घेतलेली असते. मूर्तिपूजा, कर्मकांड, अज्ञान हे सारे मागे टाकलेल्या घराचे दोष. असे दोष कबूल करताना कबुली देणाऱ्याचे फारसे काही जात नाही. उलट नव्या मंडळीत त्याचे स्थान पक्के होते. पापस्वीकार येथे सीमारेषेचे काम करतो. हा दोष एकट्या बाबा पदमनजींचा नव्हे, तो त्या साहित्यप्रकाराचाच आहे. आणि 'यमुनापर्यटना'त विधवांच्या दुःखाचे चित्रण करून त्यांनी चौथ्या माणसाला निदान कादंबरीत तरी समोर आणले, हेही नमूद केले पाहिजे.

केडगावचे अश्रू

पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी साक्षीत एक असामान्य प्रांजळपणा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्या लेखनाचा आशय आहे. ज्या धर्मांतरासाठी देशभर टीका सोसली तेच अपुरे होते हे जाहीरपणे सांगणे साधे नव्हे. येथे पापस्वीकार सीमारेषा आखत नाही, तो स्वतःच्या नव्या घरातच शिरतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ त्यातून झाली. भंडारा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच मोडत होता. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आधीच्या एका दुष्काळातील उपासमारीतच गेले होते. जून १९०५ च्या अखेरीस केडगावी जे पुनरुज्जीवन झाले त्यात मुली मोठमोठ्याने रडत आपली पापे सांगू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. वेल्समधील १९०४ च्या पुनरुज्जीवनाशी आणि पुढे जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीशी या घटनेचा संबंध अभ्यासक जोडतात आणि त्यामुळे केडगावला जागतिक चर्च-इतिहासात मोठे स्थान आहे.

या स्थानाविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावा लागतो. त्या मुली कोण होत्या? भुकेने मरणाच्या दारी पोचलेल्या, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या, बालपणीच विधवा झाल्याबद्दल घरात 'पांढऱ्या पायाची' म्हणून हिणवल्या गेलेल्या. त्यांतील अनेकींना आयुष्यभर हेच शिकविले गेले होते की जे दुःख वाट्याला आले ते स्वतःच्याच पूर्वजन्मीच्या पापाने. अशा मुलीने पुन्हा 'मी पापी' म्हणून टाहो फोडावा, यात तिची सुटका किती आणि जुन्याच शिकवणीची पुनरावृत्ती किती? ज्यांनी तिला छळले त्यांपैकी कोणी केडगावला येऊन गुडघे टेकल्याचे ऐकिवात नाही. याला दुसरी बाजूही आहे. ज्या मुलीच्या म्हणण्याला घरात कधी किंमत नव्हती तिचा शब्द ऐकण्यासाठी येथे शेकडो जणी थांबल्या होत्या. पाप करू शकणारी व्यक्ती म्हणजे स्वतंत्र इच्छा असलेली व्यक्ती, आणि ती मान्यता तिला बहुधा प्रथमच मिळत होती. त्या रडण्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असाव्यात. पीडितांकडून पापस्वीकार घेण्यापूर्वी पीडा देणाऱ्यांचे पाप मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे, एवढे मात्र निश्चित. विधवांचा छळ जगापुढे मांडून रमाबाईंनी ते आपल्या पूर्वीच्या लेखनात केले होते, म्हणून केडगावच्या अश्रूंना संदर्भ आहे. तो संदर्भ गाळून पुनरुज्जीवनाचे केवळ चमत्कारिक वर्णन करणारे लेखन रमाबाईंना न्याय देत नाही.

'स्मृतिचित्रे'

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तो लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून, तुमसरच्या बाजूने जातो; आंबागडचे डोंगर तेथून फार दूर नाहीत. या प्रवासात डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. तो वाचताना पर्वतावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेवले, हे त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याची आज्ञा त्याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांची पत्नी त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हती.

टिळकांनी लक्ष्मीबाईंची फसवणूक केली, असा आरोप करण्याचा येथे हेतू नाही. त्या काळी अशा निर्णयाची वार्ता आधी फुटली असती तर काय झाले असते याची कल्पना करता येते. पण पर्वतावरील प्रवचनाने बदललेल्या माणसाच्या अर्पणाची पहिली किंमत ज्या व्यक्तीने मोजली ती त्यांची पत्नी होती. समाजाच्या दृष्टीने ती ना सधवा ना विधवा. पुढची काही वर्षे वियोगात गेली. नंतर ती पतीकडे परतली, पण आपले सोवळे सांभाळून. आणि १९०० मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

महाविद्यालयीन अध्यापनात 'स्मृतिचित्रे'च्या विनोदावर, भाषेच्या घरगुतीपणावर आणि टिळकांच्या विक्षिप्त औदार्याच्या किश्श्यांवरच बहुधा भर दिला जातो. त्यामुळे ग्रंथाचे एक अंग झाकले जाते. हा मराठीतील पापस्वीकाराचा फार मोठा ग्रंथ आहे, आणि त्याचा विनोद हेच त्या स्वीकाराचे माध्यम आहे. टिळकांचा संताप, घर सोडून निघून जाण्याची सवय, पैशाबाबतचा बेफिकीरपणा हे सारे लक्ष्मीबाई सांगतात, पण फिर्यादीच्या सुरात नव्हे. त्याच वाक्याच्या पुढच्या अर्ध्या भागात स्वतःचा हट्ट, स्वतःचा संशय, स्वतःचे फटकळ बोलणे येते. दोष दोघांचे, आणि नावानिशी, प्रसंगानिशी. क्षमेची याचना त्यांत नाही. वाचकाकडून सहानुभूती वसूल करण्याचा प्रयत्न नाही. अश्रू ढाळून केलेल्या निवेदनात ऐकणाऱ्यावर क्षमा करण्याचे दडपण येते. हसत सांगितलेला दोष ऐकणाऱ्याला मोकळे ठेवतो. पापस्वीकाराच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत हे सापडणार नाही.

या ग्रंथातील मध्यवर्ती पाप कोणते? ते सोवळे आहे. आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांची, नानांची कथा येते. १८५७ च्या धामधुमीनंतर सासऱ्यांना झालेल्या फाशीचा धक्का बसून त्यांना सोवळ्याचे वेड लागले आणि घरातली प्रत्येक वस्तू, मिठासारखी धुता न येणारीही, धुऊन घेण्यापर्यंत ते गेले. त्या घरात वाढलेल्या मुलीच्या मनात विटाळाची कल्पना किती खोल रुजली असेल! ख्रिस्ती पतीच्या घरात राहतानाही वेगळी चूल, वेगळे पाणी हा तिचा आग्रह होता. तो आग्रह सोडताना तिने प्रथम ख्रिस्ताविषयी निर्णय घेतला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा निकाल तिने आधी लावला आणि माणसाने केल्या या उत्तरावर येताच कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास ती सिद्ध झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे वेदीवर अर्पण जाण्यापूर्वी ती 'भावाकडे' गेली होती. पतीच्या आणि पत्नीच्या धर्मांतरातील हा क्रमाचा फरक मराठी समीक्षेने पुरेसा टिपलेला नाही. टिळकांचा प्रवास तत्त्वाकडून माणसांकडे झाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा पंथांच्या भिंतींपलीकडच्या बंधुतेचे त्यांचे स्वप्न पूर्ण स्पष्ट झाले होते. लक्ष्मीबाई माणसांकडून, म्हणजे पाण्याच्या भांड्याकडून, तत्त्वाकडे आल्या.

तथापि लक्ष्मीबाईंच्या निवेदनालाही मर्यादा आहे. सोवळे सोडल्याचा आनंद सोडणाऱ्याच्या बाजूने सांगितला गेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले त्यांची बाजू त्यात ओझरतीच येते. चौथा माणूस येथे दारापर्यंत आला आहे, घरात येऊन बसून बोललेला नाही. पुढे दलित आत्मकथनांनी ती बाजू सांगितली. मराठी ख्रिस्ती साहित्यात मात्र ती अद्याप क्षीण आहे.

अनुच्चारित पाप

ही क्षीणता केवळ साहित्याची नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत पूर्वाश्रमीच्या जातींचे भान धर्मांतराबरोबर पुसले गेले नाही. विवाह जुळविताना, मंडळीतील पुढारीपण ठरविताना ते जाणवत राहिले. चर्चमध्ये गुडघे टेकून खोटे बोलणे, राग, मत्सर यांची निवेदने होत असताना शेजारच्या बाकावरील माणसाला कमी लेखल्याचे निवेदन किती वेळा होत असेल? राज्यघटनेखालील १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. तो मिळावा ही चर्चची जुनी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. परंतु ही मागणी करण्यासाठी धर्मांतरानंतरही जातिभेद उरतो हे मांडावे लागते, आणि तो उरला असेल तर काही अंशी तो चर्चच्या आवारातही उरला आहे हेही त्याच तोंडाने सांगावे लागते. राजकीय मागणीच्या पोटात येथे एक पापस्वीकार दडलेला आहे. भारतातील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना समाजातील आणि चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. ही कबुली कोणी वदविलेली नव्हती, हे तिचे मोल. धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला.

दावीदाच्या स्तोत्राप्रमाणे ही कबुली देवापुढे आणि जगापुढे झाली आहे. जक्कयाच्या वचनाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे कोणाचे काय घेतले होते आणि ते चौपटीने कसे परत करावयाचे, हा मात्र वटहुकमाने किंवा परिषदेच्या ठरावाने लिहिला जाणारा नाही. तो प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक मंडळीत, जमीन, शाळेतील प्रवेश, धर्मगुरूपदाची वाट, दफनभूमीतील जागा आणि जेवणाची पंगत अशा बाबींच्या हिशेबाने लिहावा लागेल, आणि तो लिहिताना ज्यांचे घेतले त्यांना समोर बसवून त्यांनाच आकडे विचारावे लागतील.